नस तर काढली, मग दाढ ठणकते कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘रूट कॅनाल होऊन दोन वर्षं झाली, वर कॅपही आहे, मग दाढ दुखते कशी?’ हे मला वारंवार विचारलं जातं. पुष्कळदा ती वरची पहिली दाढ असते, सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी.

तिला मुळं तीन: दोन गालाकडे, एक टाळूकडे. म्हणजे नस जिच्यातून जाते त्या मुळातल्या पोकळ नलिकाही तीनच, असं वाटतं. पण गालाकडचं पुढचं मूळ चपटं, गालाकडून टाळूकडे रुंद असतं आणि त्यात बहुतेकदा दोन नलिका निघतात. साध्या एक्स-रेत त्या एकामागे एक येतात, म्हणून एकच दिसते. त्यातून या चौथ्या नलिकेच्या तोंडावर डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, कंगोरा आलेला असतो. ती साफ करायची राहून गेली तर आतले जंतू मुळाच्या टोकातून हाडाला छळत राहतात. दातातली नस गेली तरी हाडाला संवेदना आहेच. ठणका तिथला असतो.

नलिका किती गुंतागुंतीच्या असतात, हे झ्यूरिकचे दंतवैद्य वॉल्टर हेस यांनी दाखवलं. त्यांनी हजारो काढलेल्या दातांत रबर भरलं आणि दात विरघळवला. उरले नलिकांचे साचे. १९२५ साली ते काम इंग्रजीत पुस्तकरूपाने आलं. फाटे, जाळी, मध्येच जुळून पुन्हा दुभंगणाऱ्या वाटा! विद्यार्थ्यांना मी ती चित्रं आजही आधी दाखवते.

मागे एका शिक्षिकेची अशीच दाढ उघडली. सीबीसीटीत, म्हणजे दातांच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये, चौथी नलिका दिसत होती, मायक्रोस्कोपखाली मात्र तोंड सापडेना. अल्ट्रासॉनिक टोकाने कंगोरा कणाकणाने झिजवला, नलिका धुण्याचं जंतुनाशक द्रावण हायपोक्लोराइट सोडलं आणि एका ठिपक्यातून बारीक बुडबुडे वर आले. आठ नंबरची फाईल, म्हणजे नलिका खरवडायची बारीक सुई, टोकाला जेमतेम ०.०८ मिलिमीटर, तिथे अडकली. जोर लावला तर तुटते, म्हणून पुन्हा धुतलं, पुन्हा घातली. तासाभराने ती आत उतरली. आधीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. नुसत्या डोळ्यांना ते तोंड दिसणं फार अवघड.

खालच्या दुसऱ्या दाढेत कधी मुळं जुळून इंग्रजी ‘सी’सारखी सलग खाच असते. तिथे फाईल सगळीकडे पोचत नाही, धुण्यावरच भर द्यावा लागतो.

तेव्हा येताना जुने एक्स-रे नक्की आणा. मुळाच्या टोकाशी हाड झिजल्याची काळी सावली वाढतेय की भरून येतेय, हे त्यांच्याशी ताडूनच कळतं.