फौजीच्या पगाराला कोर्ट हात लावू शकत नाही, मग तुला पोरीचे पैसे मिळतात कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. पण वर्षातून चार-पाच फोन तरी येतात, कुणाची बहीण, कुणाची भाची, नवरा मिलिटरीत, पैसे पाठवायचे बंद केलेत आणि सासरचे सांगतात जा कोर्टात, फौजीचा पगार जप्त होत नाही. मग ती पोरगी मला विचारते की ताई तुमच्या मुलीचे कसे सुरू आहेत?

तर सासरचे म्हणतात ते अर्धं खरं आहे. आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 28 आहे, त्यात जवानाचा पगार दिवाणी कोर्टाच्या हुकमाने जप्त करता येत नाही असंच लिहिलंय. पण त्याच कायद्यात पुढे कलम 90 आणि 91 आहे, 90 ऑफिसरांसाठी आणि 91 बाकीच्यांसाठी, आणि त्यात बायको-मुलांच्या पोटगीसाठी आर्मी स्वतः पगारातून पैसे कापू शकते असं स्पष्ट आहे. हा अर्धा भाग मात्र कुणी सांगत नाही. मलाही नव्हता माहीत, माझा तेव्हाचा नवरा फौजीच, आणि मी दीड वर्ष माहेरी बसून होते तोवर.

आमच्याकडे सातारा भागात अजून एक अडचण असते ती वेगळीच. अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, असा आमचा पट्टा. फौजी सुट्टीवर आला की चौकात फ्लेक्स, आणि त्या माणसाविरुद्ध त्याच्या सीओला, म्हणजे युनिटच्या मुख्य अधिकाऱ्याला, पत्र लिहायचं म्हणजे जणू आपणच देशद्रोह केला. माझ्या आईनेसुद्धा आधी हात जोडले होते, अगं त्याची नोकरी जाईल, पोरीचं काय होईल. नोकरी काही जात नाही यात, एवढं नक्की सांगते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले होते तिथे एक रिटायर्ड सुभेदार काका भेटले. मी अर्जाची चार पानं लिहून नेली होती, सगळं होतं त्यात, सासू काय बोलली, दिवाळीला काय झालं, मोबाईल कसा फेकला. काकांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, बाकीची उलटी करून ठेवली आणि म्हणाले, "पोरी, हे खरं असेल सगळं, पण क्लर्कला यातलं काय कळणार? त्याचा आर्मी नंबर काय?" मला नंबर माहीत नव्हता! पाच वर्षं संसार केलेला. पूर्ण युनिटचं नाव धड येत नव्हतं, नुसतं "केअर ऑफ 56 एपीओ" एवढा फौजी टपालाचा पत्ता पाठ होता.

घरी आले आणि रात्री आठवलं. त्याची एक काळी ट्रंक माझ्याबरोबर माहेरी आली होती, आत पोरीची लहानपणीची झबली भरलेली. माळ्यावरून खाली काढली, धूळ पुसली, झाकणावर पांढऱ्या पेंटने नंबर, रँक, नाव. शेवटचा आकडा ओरखड्यात गेलेला, टॉर्च मारून आधी 3 वाटला मग 8 वाटला, शेवटी लग्नातल्या एका जुन्या पाकिटावर तो नंबर सापडला तेव्हा खात्री झाली. कुणी विचारलं की पहिलं काय करू तर मी हेच सांगते, नंबर शोध, आर्मी नंबर.

अर्ज मग एका पानात बसला. लग्नाची तारीख, मुलीची जन्मतारीख, पैसे कधीपासून बंद, माझं उत्पन्न काय (तेव्हा शिलाईचं, ते लपवलं नाही), सोबत लग्नाचा दाखला, जन्मदाखला, पासबुकाची झेरॉक्स. युनिटकडून त्याला नोटीस गेली, त्याने उत्तर दिलं की ही स्वतःच्या मर्जीने गेली, मग समेटाचं बोलणं झालं आणि फाटलं. वेळ लागतो कारण पगार कापायचा हुकूम सीओ काढत नाही, फाईल शिफारशीसह वर जाते आणि हुकूम आर्मी कमांडरच्या पातळीवर निघतो. मला दहा महिने लागले.

आता आकडे. बायकोसाठी जास्तीत जास्त 22 टक्के, प्रत्येक मुलासाठी साडेपाच टक्के, सगळं मिळून 33 च्या वर नाही. पगार-भत्ते 50,000 धरले तर बायकोचे 11,000 आणि पोरीचे 2,750. हो, पावणेतीन हजार! शाळेची फी, रिक्षा, वह्या, आणि वाढत्या पोरीचे बूट. म्हणून आर्मीचा अर्ज हा पहिला आधार आहे, शेवटचा नाही. कोर्टात वेगळा पोटगीचा अर्ज करायचाच, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, 1 जुलै 2024 पासून तेच नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय. तिथे टक्क्यांची ही मर्यादा नाही. दोघांनाही उत्पन्नाचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, आणि 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून बघू नंतर म्हणत बसू नका. आर्मीकडून काही मिळत असेल तर ते कोर्टाला सांगायचं, डबल मिळत नाही. आणि थकबाकी झाली तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका, वर्ष उलटलं की ते पैसे तिथून वसूल करणं अवघड.

तारखांचं एक आहे. तो फील्डला, म्हणजे सीमेवरच्या पोस्टिंगला असेल तर 1925 चा एक सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट आहे, त्याखाली केस पुढे ढकलली जाऊ शकते. माझ्या दोन तारखा अशाच गेल्या, तेव्हा फार चिडले होते, आता वाटतं की बर्फात उभ्या असलेल्या माणसाला कोर्टात बोलवायचं तरी कसं. नंतर वकिलांना म्हटलं त्याच्या वार्षिक सुट्टीत तारीख मागा, साठ दिवस तर असतात, आणि तसं जमलं.

घटस्फोट शेवटी आम्ही संमतीने घेतला. त्यावेळी मसुद्यात एक ओळ होती, "यापुढे मुलीसाठी कोणतीही रक्कम मागणार नाही". समोरून एकरकमी पैसे येत होते आणि मी दमले होते, सही करणारच होते. वडिलांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं. माझा हक्क मी सोडेन, पोरीचा सोडणारी मी कोण? ती ओळ खोडली, त्याऐवजी दरमहा रक्कम आणि दरवर्षी वाढ असं लिहून घेतलं. आर्मीच्या हिशेबात घटस्फोटानंतर मी बायको राहिले नाही, माझं नाव त्याच्या रेकॉर्डमधून निघालं, कॅन्टीन कार्डही गेलं (ग्राइंडर घ्यायचा राहिला तो राहिलाच). पोरीचं नाव मात्र तिथेच आहे. उद्या फॅमिली पेन्शनची वेळ आलीच तर तिचाही हक्क असतो, म्हणून रेकॉर्ड ऑफिसमध्ये तिची जन्मतारीख बरोबर लागली आहे ना ते विचारून घेतलं. एका कागदावर चुकलेली होती.

तो वाईट बाप आहे का, हेही विचारतात लोक. नाही. नवरा म्हणून आमचं जमलं नाही. सुट्टीत येतो, पोरीला घेऊन जातो. पैसे लांबले म्हणून मी भेट कधी अडवली नाही, आणि भेट चुकली म्हणून त्यानेही पैसे अडवू नयेत हे त्याला दोनदा सांगावं लागलं. यंदा सुट्टी ऑक्टोबरात आहे म्हणे, नेमकी सहामाही आडवी येतेय, तिचं वेळापत्रक लागलं की कळवते म्हटलंय.