आमची वाटचाल : आधी प्रश्न, मग ओळख

इंग्रजी संभाषणाच्या वर्गांची नाशिकला कमतरता नाही. कॉलेज रोडला आणि गंगापूर रोडला तर पाटीला पाटी लागून आहे. आमचा वर्ग मात्र कारखान्यांच्या सातपूरला सुरू झाला, नोकरी करणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांची एबीसीडीच पाचवीत सुरू झाली. यांतल्या बऱ्याच जणांना ड्रॉइंगवरच्या सूचना कळतात, मेलचा अर्थ लागतो, काळांचे तक्तेही आठवतात. गाडी अडते ती समोरच्या माणसाला काही विचारायची वेळ आली की. म्हणून आमचा पहिला धडा प्रश्नांचा, आणि तो आजतागायत बदललेला नाही.

मराठीत ‘तुम्ही तयार आहात’ या वाक्याला शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न झाला. बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. त्याच सवयीने ‘यू आर रेडी?’ असं सूर चढवून विचारलं जातं. समजून घेणारा समजून घेतो, पण ‘यू आर गोइंग व्हेअर?’पर्यंत गेलं की ऐकणारा अडखळतो. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे न्यावं लागतं : ‘आर यू रेडी?’, ‘व्हेअर आर यू गोइंग?’ पहिला आठवडा आम्ही फक्त ॲम, इज, आर, कॅन आणि विल यांची ही जागाबदल करून घेतो.

दुसऱ्या आठवड्यात खरी कसोटी. ‘यू वर्क इन अंबड’ या वाक्यात पुढे न्यायला साहाय्यक क्रियापदच नाही, तेव्हा ‘डू’ आणायचा : ‘डू यू वर्क इन अंबड?’ कर्ता ‘ही’ असेल तर ‘वर्क्स’चा ‘एस’ ‘डू’कडे जातो आणि ‘डज’ होतो, म्हणून मागे नुसतं ‘वर्क’ उरतं. भूतकाळही असाच ‘डिड’मध्ये जातो. एवढं फळ्यावर खडूने बाण काढून दाखवलं की ‘डज ही वर्क्स’ आणि ‘डिड यू वेंट’ या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे हे कळतं. ‘ही डज नॉट वर्क’ हा नकारही त्याच नियमाने सुटतो, वेगळा पाठ करावा लागत नाही.

स्वतःची ओळख आम्ही मुद्दाम चौथ्या आठवड्यात घेतो. ‘आय ॲम अमुक, आय ॲम फ्रॉम नाशिक’ असं आधीच घोकलं की ‘आय’ आणि ‘ॲम’ जिभेवर चिकटतात, आणि पुढे प्रत्येक वाक्य ‘आय ॲम वर्क’, ‘आय ॲम गो’ असं निघू लागतं. ही सवय मोडायला फार वेळ जातो. ती लागू न देणं सोपं.

तास साठ मिनिटांचा. दहा मिनिटं कालची उजळणी, पंधरा मिनिटं फळा, तीस मिनिटं जोडीने सराव आणि शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाने आपला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. बॅचमध्ये बाराच जण, म्हणजे जोड्या पुऱ्या होतात. सरावात एकाला उत्तराची चिठ्ठी मिळते, दुसऱ्याने प्रश्न बनवायचा. चिठ्ठीवर ‘ॲट सेव्हन’ असेल तर ‘व्हॉट टाइम डज युअर शिफ्ट स्टार्ट?’ यायला हवं. बोलणं चालू असताना शिक्षक टोकत नाहीत. चुका टिपून ठेवतात आणि त्यांतल्या त्या दिवशीच्या धड्याशी संबंधित तेवढ्याच शेवटी फळ्यावर घेतात. सगळ्या चुका एकदम दाखवल्या तर माणूस दुसऱ्या दिवशी तोंडच उघडत नाही. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ आम्ही तिसऱ्या महिन्यावर ढकलले आहेत, कारण ते चुकले तरी बहुतेक वेळा अर्थ पोचतो.

कारखान्यांतल्या पाळ्या आठवड्याने बदलतात, त्यामुळे एकाच वेळेची बॅच टिकत नाही. तोच धडा सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा घ्यायचा आणि पाळीप्रमाणे कुठेही बसू द्यायचं, ही सोय त्यातून आली. खर्च वाढतो, पण गळती थांबते.

पुढे पिंपळगाव आणि दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार व पॅकहाउसमधली मुलं येऊ लागली. त्यांचं वेळापत्रक छाटणी ठरवते. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीची घाई सरल्यावर पावसाळ्यात त्यांना सवड असते. ऑक्टोबर छाटणी लागली की कोणी येणार नाही आणि तोडणीच्या दिवसांत तर विषयच नको. त्यांच्यासाठी आकड्यांचे स्वतंत्र तास आहेत. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत घोळ झाला की पेट्यांची संख्याच चुकते. फरक आघाताचा आहे : ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटच्या ‘टीन’वर आणि स्वर लांब, ‘फिफ्टी’मध्ये जोर पहिल्या ‘फिफ्’वर. फोनवर तरीही खात्री नसेल तर ‘वन फाइव्ह’ किंवा ‘फाइव्ह झिरो’ असं सुटं सांगायचं. ही सवय आम्ही सगळ्याच बॅचना लावतो.

मुलाखतीला जाणाऱ्यांचं एक वाक्य हमखास चुकतं : ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ आपण ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो आणि ‘२०२०पासून’ही, इंग्रजीत कालावधीला ‘फॉर’ आणि सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’. शिवाय काम अजून चालू असेल तर ‘आय हॅव बीन वर्किंग’.

सध्या तयारी चालली आहे ती २०२७च्या सिंहस्थासाठी, पंचवटीतल्या रिक्षावाल्यांच्या आणि लॉजवाल्यांच्या बॅचची. व्याकरण कमी, रस्ता सांगणं जास्त : ‘गो स्ट्रेट’, ‘टेक द सेकंड लेफ्ट’, ‘इट इज नेक्स्ट टू द टेंपल’. सराव वर्गात न घेता रामकुंड ते काळाराम मंदिर असा चालत घेणार आहोत, भाविकांची वर्दळ सुरू होण्याआधी. या बॅचला वही लागणार नाही, मोबाइल पुरे.