कर्नलच्या वर्कक्यूमधील खोटा डेडलॉक: माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीसाठी भट्ट्यांचे तापमान नोंदवणारे अनेक चॅनेलचे कार्ड आम्ही कोल्हापुरात तयार करत होतो आणि त्याच्या लिनक्स ड्रायव्हरचे काम माझ्याकडे होते. चाचणीच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, लॉकडेप चालू होते; लॉक (एखादी गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारे कुलूप) चुकीच्या रीतीने घेतल्याने डेडलॉक, म्हणजे कामे एकमेकांची वाट पाहत कायमची अडकणे, होऊ शकतो का हे ते तपासते. कार्ड रीसेट केले की 'पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग डिटेक्टेड' (धरलेलेच लॉक पुन्हा मागितले जात असावे) हा इशारा लॉगमध्ये उमटे, मशीन मात्र कधीच अडकत नसे. इशाऱ्याच्या मजकुरातच 'मे बी ड्यू टु मिसिंग लॉक नेस्टिंग नोटेशन' (कदाचित एकात एक लॉक घेतल्याची खूण राहिली असेल) अशी ओळ होती.

असा इशारा दुर्लक्षून चालत नाही, कारण पहिली तक्रार नोंदवताच लॉकडेप आपली तपासणी बंद करते आणि मशीन रीबूट होईपर्यंत खरा डेडलॉकही त्याच्या नजरेतून सुटतो.

इंगो मोल्नार यांनी लिहिलेले लॉकडेप २००६ साली २.६.१८ या कर्नलात आले. ते सुट्या लॉकचा नव्हे, तर लॉकच्या वर्गाचा हिशेब ठेवते. वर्कक्यूमधील, म्हणजे कर्नलने मागाहून करायच्या कामांच्या रांगेतील, काम चालू असताना त्या कामाचा वर्ग 'धरलेला' मानला जातो आणि ते काम संपेपर्यंत थांबणारे फ्लश_वर्क हे फंक्शन बोलावल्यावर तोच 'मागितलेला' ठरतो. हा वर्ग ठरवणारी की (ओळखखूण) म्हणजे सोर्समध्ये काम इनिट करणारा, म्हणजे वापरासाठी तयार करणारा, इनिट_वर्क हा मॅक्रो जिथे लिहिला असेल तिथे निर्माण होणारे स्टॅटिक व्हेरिएबल. आमच्याकडे कार्डाचे रीसेटचे काम आणि चॅनेलची कामे एकाच हेल्पर फंक्शनमधून इनिट होत होती. साहजिकच, रीसेट चॅनेलच्या कामासाठी थांबले की लॉकडेपला ते स्वतःसाठीच थांबल्यासारखे दिसे; गावातले सगळे पाटील एकच माणूस समजावेत, तसा हा प्रकार.

तरीही इशारा खोटा आहे हे आधी सिद्ध करणे भाग होते. दोन्ही कामे एका वेळी एकच काम चालवणाऱ्या एकाच रांगेत असती, तर डेडलॉक खराच झाला असता. आमच्या रांगा वेगळ्या होत्या, आणि चॅनेलचे कोणतेही काम रीसेटसाठी थांबत नव्हते. तेवढी खात्री झाल्यावर हेल्पर काढून दोन ठिकाणी स्वतंत्र इनिट_वर्क लिहिले आणि इशारा थांबला. तपासणीच थांबवणारे लॉकडेप_ऑफ वापरण्याची सूचनाही आली होती, पण ती मला पटली नाही.

त्यानंतर ड्रायव्हर उतरवताना लॉकडेपने नवी तक्रार केली: म्यूटेक्स (एक प्रकारचे लॉक) धरून कॅन्सल_वर्क_सिंक (काम रद्द करणारे, आणि ते चालू असल्यास संपेपर्यंत थांबणारे फंक्शन) बोलावले जात होते आणि चॅनेलचे काम तोच म्यूटेक्स मागत होते. हा इशारा खरा होता. म्यूटेक्स घेण्यापूर्वीच काम रद्द करून घेतल्यावर तो मिटला.