टिप्या आणि कोंबड्या: आतापर्यंतची प्रगती

आमचा कुत्रा टिप्या आता आठ महिन्यांचा होतोय. कारवानी या शिकारी जातीचं रक्त, लांब पाय, आणि नजर कायम हलणाऱ्या वस्तूवर. मखमलाबादजवळच्या आमच्या मळ्यात आईच्या गावरान कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. म्हणून पहिल्यापासून एकच नियम: दोरीशिवाय कोंबड्यांत जायचं नाही. या जातीला पाठलागातच सुख आहे. कोंबडी हाती लागो न लागो, धावायला मिळालं की त्याचं बक्षीस त्याला मिळालंच.

दिवाळीनंतर खुराड्यापासून लांब उभं राहून सुरुवात केली. त्याला कोंबड्या दिसाव्यात, पण माझा आवाजही कानात शिरावा, एवढं अंतर. कान ताठ, तोंड गच्च मिटलेलं, पुढचा एक पाय वर, असं दिसलं की मागे सरकायचं. तिथे दोरी ओढून किंवा ओरडून उपयोग नसतो. कोंबडीवरची नजर काढून आपणहून माझ्याकडे पाहिलं की ‘शाब्बास’ आणि उकडलेल्या कलेजीचा तुकडा. (कलेजी कोंबडीचीच. आईला याचं फार हसू येतं.)

दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांचं त्याला लवकरच काही वाटेनासं झालं. पण त्यावर भुलू नका. संध्याकाळी आई ‘ती-ती-ती’ करून दाणे टाकते, तेव्हा सगळ्या पंख पसरून धावत सुटतात आणि टिप्याचं भान हरपतं. मग आधी कोंबड्या नसतानाच सराव केला: आईने स्वयंपाकघरातून ‘ती-ती-ती’ म्हणायचं, मी ओट्यावरच्या गोणपाटावर कलेजी ठेवायची. आता ती हाक आली की तो स्वतःच गोणपाट गाठतो. खऱ्या कोंबड्या धावताना अजून अंग थरथरतं, पण जागा सोडत नाही. मला विचाराल तर आतापर्यंतची खरी कमाई ही एवढीच.

जानेवारीत द्राक्षांत पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागले, आणि बागेत पाखरं हाकायचं काम सुरू झालं. डबे वाजवायचे, आरोळ्या ठोकायच्या. टिप्याला साळुंक्यांमागे पळायला सोडा, असं मजुरांचं म्हणणं. बिलकूल नाही. सकाळी पाखरांमागे धावल्याबद्दल शाबासकी आणि संध्याकाळी त्याचसाठी अडवणूक, हे कुत्र्याला कसं समजावं?

शेजारच्या काकांचा सल्ला वेगळाच: मेलेली कोंबडी गळ्यात बांध. त्यातून तो काय शिकणार ते मला अजून उमगलेलं नाही. शॉकचा पट्टाही नको. झटक्याचा संबंध तो कोंबडीशी जोडेल, आणि घाबरलेला कुत्रा चावतोही.

सध्या हलकी दोरी जमिनीवर लोळत असते, मी जवळच असतो. विष्ठेत तोंड घालायला लागला तर ‘सोड’ म्हणून बोलावून घेतो, कारण साल्मोनेला या जंतूची भीती असते. पिल्लं घेऊन फिरणारी कोंबडी मात्र या सरावात नाही. तिची चिवचिवणारी पिल्लं म्हणजे फारच मोठा मोह, म्हणून ती जाळीपलीकडे. रात्री बिबट्यामुळे खुराडं आणि टिप्या दोन्ही बंदच.

पुढचा टप्पा भिंतीवरून झेप घेणाऱ्या कोंबड्याचा. कोणाकडे कारवान किंवा मुधोळ जातीचा कुत्रा मोकळ्या कोंबड्यांत राहत असेल, तर वर्ष-दीड वर्षाचा झाल्यावर, अंगात मस्ती आल्यावर, त्याचं शिकलेलं टिकलं का ते सांगा. दोरी कधी काढायची, ते त्यावरच ठरवणार आहे.