पैसे दिले, मग मॉडेल आमचंच ना?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका खोलीत बसून मी ऑर्डरप्रमाणे थ्रीडी मॉडेल करून देते. गणपतीच्या कारखान्यांसाठी मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा काढतात ती मूळ मूर्ती, स्पर्धांच्या ट्रॉफ्या, कधी दागिने. फाइल हातात पडली की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: ‘पैसे आम्ही मोजले, फोटो आम्ही दिले, दुरुस्त्या आम्ही सांगितल्या. मग मॉडेल आमचंच ना? दुसऱ्याला द्यायला तुमची परवानगी कशाला?’ तुम्हीही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

जेवढा वापर लिहून घेतलात तेवढा तुमचा. बाकीचा हक्क मॉडेल घडवणाऱ्याकडे राहतो.

हा माझा हट्ट नाही. कॉपीराइट कायदा 1957 सालचा आहे. त्याच्या कलम 17 नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. त्याला अपवाद आहेत. पैसे देऊन फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एनग्रेव्हिंग किंवा चित्रपट करून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक करवून घेणारा. त्या यादीत शिल्प नाही, आणि शिल्पाच्या व्याख्येत याच कायद्याने कास्ट आणि मॉडेल दोन्ही धरली आहेत. म्हणून लग्नाचे फोटो काढून घेतले तेव्हा जे चाललं, तेच मूर्तीच्या मॉडेललाही चालेल असं धरून चालू नका. दुसरा अपवाद नोकरीचा. ऐरोलीच्या स्टुडिओत पगारावर काम करणारी मुलगी नोकरीचा भाग म्हणून जे घडवते, ते वेगळा करार नसेल तर कंपनीचं. मी तुमची नोकर नाही, तुमची ऑर्डर घेतलेली कारागीर आहे.

‘पण गणपती तर सगळ्यांचा, त्यात तुमचं काय?’ हेही खूपदा ऐकते, आणि मला हा प्रश्न मनापासून आवडतो. सोंड, एकदंत, पाश, अंकुश, मोदक, उंदीर, यावर कुणाचाच हक्क नाही. कल्पनेवर हक्क सांगता येत नाही, तिच्या मांडणीवर सांगता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. माझं काम त्या मांडणीत असतं. मूर्ती दहा फुटांची होणार असेल तर लोक खालून बघणार, म्हणून चेहरा किंचित पुढे झुकवायचा. पापणी इतकीच उतरवायची की समोर उभ्या माणसाला बाप्पा आपल्याकडेच बघतोय असं वाटेल, आणि ती झोपाळूही दिसणार नाही. पोटाची घडी मांडीवर कुठे टेकेल, सोवळ्याच्या चुण्या गुडघ्यावर किती ताणल्या जातील, सोंड साच्यातून न मोडता सुटेल का, हे एकेक ठरवत रात्री जातात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत यातलं काहीच ठरलेलं नसतं.

जिथे माझं काही नसतं तिथे मी हक्क सांगत नाही. वागळे इस्टेटमधून एखादा पंपाचं तुटलेलं झाकण घेऊन येतो, मी मापं घेते, जसंच्या तसं मॉडेल करून देते. कष्ट होतात, पण आकार पंप बनवणाऱ्याचा. अमेरिकेत 2008 मध्ये मेशवर्क्स विरुद्ध टोयोटा या खटल्यात असंच झालं. गाड्या मोजून तंतोतंत डिजिटल मॉडेलं करणाऱ्यांना अपील न्यायालयाने सांगितलं की मेहनत खरी, पण यात स्वतंत्र असं काही नाही. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण मला तो पटतो. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या ईस्टर्न बुक कंपनीच्या निकालात नुसत्या घामापेक्षा कौशल्य, विवेक आणि थोडी तरी सर्जनशीलता मागितली आहे.

आता भांडणाचं सांगते. एका कारखानदाराने माझ्याकडून मास्टर करून घेतला. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, एकच साचा, स्वतःच्याच कारखान्यापुरता. पुढच्या मोसमात कळव्याच्या बाजूला दुसऱ्याच्या शेडमध्ये तीच मूर्ती उभी. मुकुट बदललेला, परशूच्या जागी कमळ. फाइल मागून घेतली आणि दोन्ही मॉडेलांच्या जाळ्या, म्हणजे ज्या छोट्या त्रिकोणांनी मॉडेलचा पृष्ठभाग बनतो त्या, एकमेकांवर ठेवल्या. मॉडेल लहान-मोठं करा, आरशासारखं उलटं करा, हातातलं शस्त्र बदला, बाकी अंगावर त्रिकोण कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत ते बदलत नाही. गुडघ्यावरच्या चुण्यांत प्रत्येक बिंदू जुळला. दुसऱ्या कारखानदाराने फाइल पैसे देऊन घेतली होती, त्याला काहीच कल्पना नव्हती. त्याने तिथेच विचारलं, रीतसर परवानगीचे किती? त्या मोसमापुरती मी दिली. पहिला मात्र ‘मी पैसे दिले होते’ एवढंच म्हणत राहिला. पैसे एका साच्याचे दिले होते. त्याच्याशी मी आता व्यवहार करत नाही आणि याचं मला वाईट वाटतं, कारण त्याच्याकडची डोळ्यांची आखणी मी पाहिलेल्या सगळ्यात सुंदर आखण्यांपैकी आहे.

‘वीस टक्के बदललं की चालतं’ हे कुणी सांगितलं असेल तर सोडून द्या. असा टक्का कायद्यात नाही.

पूर्ण हक्क हवा असेल तर मागा, मी देते. दर जास्त असतो एवढंच. पण तो लेखी आणि माझ्या सहीने व्हायला हवा, कलम 19 तेच सांगतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. दुबईच्या मंडळाला मूर्ती पाठवणाऱ्याने हे आधीच बघावं. सगळे हक्क दिले तरी कर्ती म्हणून माझं नाव कलम 57 मुळे माझ्याकडेच राहतं. ट्रॉफीवाल्यांनी आणखी एक बघावं. डिझाइन्स अ‍ॅक्ट, 2000 खाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि कारखान्यात त्याच्या 50 हून अधिक वस्तू निघाल्या, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी डिझाइन बाहेर येण्याआधी करायची असते. म्हणून किती नग काढणार हे मी पहिल्याच दिवशी विचारते.

परवानगी मलाही मागावी लागते. चरईतल्या एका कुटुंबाकडे वर्षानुवर्षं पेणच्या एकाच मूर्तिकाराकडून गणपती यायचा. ते गेले, मुलाने वेगळा धंदा धरला. कुटुंबाला तेच रूप पितळेत हवं होतं, घरातल्या फोटोंवरून. आपल्याकडे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो आणि वारसांकडे जातो. मी मुलाला फोन केला. ‘ताई, आजवर असं कुणी विचारलं नाही,’ म्हणाला आणि बराच वेळ वडिलांबद्दल बोलत राहिला, ते शाडू कशी मळायचे, सोंडेला हात लावायच्या आधी काय काय करायचे. मग दोन अटी घातल्या. मूर्ती एकच, घरच्या पूजेची, विकायची नाही. आणि पाटाच्या खालच्या बाजूला वडिलांचं नाव कोरायचं. पैसे नको म्हणाला. दोन्ही अटी कागदावर आल्या, त्याची सही झाली, कुटुंबाची झाली, आणि मी मॉडेल सुरू केलं ते पाटाखालच्या नावापासून.