तुम्ही विचारलंत म्हणून : वर चढलेल्या माणसाचे घर

‘कामगाराच्या घरात वाढून तुम्ही इतक्या वर आलात, तुमची नोकरी, बोलणे, ऊठबस सगळे बदलले; तरी मुळांशी प्रामाणिक कसे राहिलात?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कौतुक असते, क्वचित थोडा संशयही असतो, आणि दोन्हींना मी आजवर हसून वेळ मारून नेत आलो आहे. पिढीजात सुबत्तेत जन्मलेल्या माणसाला असा प्रश्न कोणी विचारीत नाही, हेही माझ्या लक्षात येते. मुळांचा हिशेब जो घर सोडून वर गेला त्याच्याकडेच मागितला जातो. तरीही प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यायला हवे.

साध्या राहणीचा मुद्दा मी लवकर बाजूला सारतो. ज्याला महागडे कपडे घेणे परवडते आणि तरीही जो साधे कपडे घालतो, त्याचा साधेपणा ही त्याची आवड असते; माझ्या वडिलांच्या साधेपणात आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. दोन्ही गोष्टी वरून सारख्या दिसतात म्हणून एक मानणे हा वडिलांच्या कष्टांचा अपमान आहे असे मला वाटते. लहानपणीच्या टंचाईचे किस्से मेजवानीत रंगवून सांगणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

कठीण भाग पुढेच आहे. माणूस ज्या घरात वाढतो ते घर त्याच्या अंगात मुरते, आणि ते त्याच्या मतांपेक्षाही त्याच्या उभे राहण्यात, आवाजाच्या पट्टीत, संकोचात अधिक असते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दियू यांनी या अंगवळणी पडलेल्या वृत्तीचा आयुष्यभर अभ्यास केला. ते 1930 साली नैर्ऋत्य फ्रान्समधील बेआर्न प्रांतात, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या एका सामान्य माणसाच्या घरी जन्मले आणि पुढे पॅरिसमधील सर्वांत प्रतिष्ठित संस्थांत पोहोचले. त्यांच्या लेखनातला जो भाग मला विसरता येत नाही तो मात्र त्यांच्या स्वतःच्या मुलखाविषयीचा आहे. 1962 साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ निबंधात त्यांनी नाताळच्या वेळचा गावातला नाच वर्णिला आहे. मध्यभागी शहरी वळणाची तरुण जोडपी नाचत आहेत आणि कडेला तिशीच्या आसपासचे अविवाहित शेतकरी घोळक्याने उभे राहून नुसते पाहत आहेत. त्यांना कोणी अडवलेले नाही. पण शेतात राबून जड झालेली चाल आणि अवघडलेले हातपाय घेऊन त्या उजेडात शिरणे त्यांना शक्य होत नाही. गावातल्या मुली शहराकडे ओढल्या जात होत्या आणि शहराचीच नजर घेऊन या पुरुषांकडे पाहत होत्या. त्या पुरुषांनाही स्वतःचे शरीर त्याच नजरेने दिसू लागले होते. वर्गभेदाचे याहून अचूक चित्र माझ्या वाचनात नाही.

माझे वडील कारखान्यात पाळीने काम करीत. एखाद्या कार्यालयात जाण्याची वेळ आली की ते समोरची खुर्ची रिकामी असली तरी उभेच राहत, अर्ज दोन्ही हातांनी पुढे करीत, आणि साहेबांनी ‘नंतर या’ म्हटले की ‘कधी येऊ?’ हेदेखील न विचारता परत फिरत. घरात ज्यांच्या आवाजाचा दरारा होता ते वडील टेबलापलीकडच्या माणसापुढे इतके लहान का होतात, हे मला त्या वयात उमगत नसे. पुढे अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लरो यांचे 2003 साली ग्रंथरूपाने आलेले संशोधन वाचले, तेव्हा ते कोडे काहीसे सुटले. त्यांनी वेगवेगळ्या वर्गांतील कुटुंबांच्या घरी जाऊन मुले कशी वाढतात हे जवळून पाहिले. मध्यमवर्गीय घरातली एक आई मुलाला डॉक्टरांकडे नेताना वाटेतच सांगते, की तुला काय विचारायचे आहे ते आताच ठरवून ठेव आणि लाजू नकोस. आणि तो मुलगा डॉक्टरांना खरोखरच आपले प्रश्न विचारतो. आपण विचारले तर समोरच्याने उत्तर दिले पाहिजे, हा हक्क त्याच्या अंगी लहानपणीच रुजतो. कामगार आणि गरीब घरांतल्या मुलांना अशा ठिकाणी अवघडून गप्प राहण्याचे वळण लागते.

म्हणून मुळांशी प्रामाणिक राहायचे तर आधी निवड करावी लागते, असे माझे मत आहे. रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहण्याची सवय मी जाणूनबुजून मोडली, आणि ती मोडताना मला जराही अपराधी वाटले नाही. ती सवय आमची नव्हतीच. ती आमच्यावर लादली गेली होती, आणि परंपरा म्हणून जपावे असे तिच्यात काही नव्हते. याउलट लरो यांनीच नोंदवले आहे, की कामगारांच्या घरातली मुले नातेवाइकांशी अधिक जवळिकीने राहतात, मोकळा वेळ स्वतःच खेळ रचून घालवतात आणि ‘कंटाळा आला’ अशी कुरकूर कमी करतात. हे वाचताना आमच्या घरातला गोंगाट मला ऐकू आला. एकाचे दुखणे सगळ्यांचे दुखणे असे, आणि कोणाकडे मदत मागताना प्रस्तावना करावी लागत नसे. टिकवायचे असेल तर हे टिकवायला हवे, आणि नेमके हेच टिकवणे सर्वांत अवघड जाते.

ते अवघड का जाते, हे मला माझ्या थोरल्या भावामुळे कळले. दादा विजेवर चालणाऱ्या यंत्रांच्या जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग करतो, म्हणजे त्यांतली जळकी तार काढून नवी गुंडाळतो. माझ्या शिक्षणाच्या काळात त्याने मला पैसे दिले, रागावला, एकदा तर वह्या फेकून दिल्या. मला मोठी नोकरी लागली आणि काही वर्षांतच त्याचे रागावणे बंद झाले. चार लोकांत तो मला अहो-जाहो करू लागला, आणि माझ्या घरी आला की बसण्यापूर्वी कुठे बसू म्हणून विचारू लागला. मी त्याला पैसे देत होतो, त्याच्या मुलीच्या प्रवेशासाठी धावपळ करीत होतो, आणि या देण्यामुळेच तो दूर जात होता. वर गेलेला माणूस घरच्यांसाठी फक्त देणारा उरला, की तो आश्रयदाता होतो आणि त्याचा भाऊ लाभार्थी. आपल्याला काही हवे म्हणून त्यांच्या दारी जाणे उरले नाही, तर कितीही पैसे पाठवले तरी तुटलेले सांधत नाही.

समाजाच्या पातळीवरही काहीसे असेच दिसते. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील फेसबुकवरच्या कोट्यवधी मैत्र्या तपासून 2022 साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत दोन वर्गांमध्ये मैत्री का होत नाही याचाही शोध आहे. निम्मे कारण असे, की ही माणसे एका ठिकाणी येतच नाहीत. पण उरलेले निम्मे कारण असे, की एकत्र आल्यावरही ती एकमेकांशी मैत्री करीत नाहीत. हे दुसरे निम्मे एकाच घरात, दोन भावांमध्येही घडू शकते, असे मी स्वानुभवाने त्यात जोडीन.

आता या प्रश्नाला जोडूनच येणारा दुसरा प्रश्न: मुलांना काय शिकवता? माझी मुले त्या लरो-पुस्तकातल्या मुलासारखी आहेत. डॉक्टरांना खुशाल प्रश्न विचारतात, आणि ते मला हवेच आहे. त्यांना माझ्या बालपणाच्या गोष्टी ऐकवून काही साधत नाही. त्या त्यांना दुसऱ्याच कोणाच्या तरी वाटतात, आणि त्यांचे काही चुकत नाही. म्हणून सुट्टीत मी त्यांना दादाकडे कामाला पाठवतो, आणि हे मी त्याच्याकडे मागून घेतले आहे. गेल्या सुट्टीत थोरल्याकडून एका कॉइलचे वेढे मोजताना चूक झाली. वेढे कमी पडले तर मोटार जास्त करंट खेचते आणि तापून पुन्हा जळते, हे दादाने त्याला एकदा शांतपणे समजावले आणि मग सगळी तार उलगडून पहिल्यापासून गुंडाळायला लावली. मुलाने संध्याकाळी फोनवर माझ्याकडे तक्रार केली. मी दादाला फोन द्यायला सांगितले, तर पलीकडून मला पूर्वीच्याच आवाजात ऐकू आले, ‘तू मध्ये पडू नकोस.’