मिलान ते फेरारा: फॅसिझमच्या पहिल्या पावलांवरून

मिलानच्या कॅथेड्रलपासून थोडे चालत गेले की सान सेपोल्क्रो हा लहानसा चौक लागतो. पर्यटक तिथे फारसे थांबत नाहीत. चौकातल्या ज्या जुन्या वाड्यात आज पोलीस ठाणे आहे, तिथल्याच एका दालनात २३ मार्च १९१९ रोजी मुसोलिनीने आपल्या फॅसिस्ट संघटनेची स्थापना केली. जमलेल्यांत युद्धावरून परतलेले सैनिक होते, त्याच्यासारखेच युद्धाची बाजू घेऊन समाजवादी पक्षाबाहेर पडलेले लोक होते आणि यंत्र, वेग आणि युद्धाचे गोडवे गाणारे काही भविष्यवादी कलावंतही होते. त्याच नोव्हेंबरात निवडणूक झाली. त्यांच्या उमेदवारांच्या यादीत तोस्कानिनीसारखा नामांकित संगीतसंचालक असूनही मिलानमध्ये अडीच लाखांहून अधिक मतांपैकी या मंडळींना पाच हजारसुद्धा मिळाली नाहीत. समाजवाद्यांनी मुसोलिनीची प्रतीकात्मक प्रेतयात्रा काढली. शहराने नाकारलेली ही चळवळ तीन वर्षांत सत्तेपर्यंत कशी पोहोचली, हे पाहायचे तर आग्नेयेकडची गाडी पकडायला हवी, म्हणून मी बोलोन्याला निघालो.

वाटेत पो नदीच्या खोऱ्यातील सपाट, सुपीक जमीन संपता संपत नाही. इथल्या भूमिहीन शेतमजुरांच्या संघटना युद्धानंतर इतक्या बळकट झाल्या होत्या की कामावर कोणाला घ्यायचे हे त्या ठरवत, आणि जमिनीच्या प्रमाणात ठरावीक मजूर ठेवणे मालकाला भाग पडे. १९२० मध्ये बोलोन्याच्या परिसरात महिनोन्‌महिने चाललेला शेतीसंप अखेर मालकांनीच नमते घेतल्यावर मिटला. माझ्या मते फॅसिझमचा खरा जन्म सान सेपोल्क्रोच्या दालनात झाला नाही. तो या पराभवाने डिवचलेल्या जमीनमालकांच्या पैशावर झाला.

बोलोन्यात पिआझ्झा माज्जोरे या भव्य चौकात पालाझ्झो दाक्कुर्सिओ ही नगरपालिकेची इमारत आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी नवे समाजवादी नगरमंडळ इथे सूत्रे हाती घेत असताना फॅसिस्टांनी चौकात चाल केली. गोळीबार झाला, हातबॉम्ब फुटले आणि दहा-एक माणसे मेली, बहुतेक समाजवाद्यांचेच लोक. पण सभागृहात जुलिओ जोर्दानी हा विरोधी बाकावरचा नगरसेवकही मारला गेला, आणि प्रचारात सर्वत्र गाजले ते त्याचेच नाव. त्यानंतर मालमोटारींतून काळ्या शर्टांतल्या फॅसिस्टांच्या टोळ्या रात्री खेड्यांत उतरू लागल्या. त्या मजूर संघटनांची कार्यालये आणि सहकारी भांडारे जाळत, पुढाऱ्यांना दंडुक्यांनी झोडपत आणि बळजबरीने एरंडेल पाजत. पोलीस बहुधा बघ्याची भूमिका घेत. काही ठिकाणी टोळ्यांना शस्त्रे आणि वाहने सैन्याकडूनच मिळाली. आज याच इमारतीच्या परिसरातील भिंतीवर पुढे फॅसिझमशी लढताना मारल्या गेलेल्या प्रतिकारकांची छायाचित्रे लावलेली आहेत. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो.

फेरारा इथून गाडीने अगदी जवळ आहे. गावाच्या मध्यभागी खंदकाने वेढलेला एस्ते घराण्याचा किल्ला आहे आणि रस्त्यांवर सायकलींचे राज्य आहे. १९२१ च्या आरंभी इटालो बाल्बो या पंचविशीही न गाठलेल्या तरुणाकडे इथल्या फॅसिस्टांची सूत्रे आली आणि काही महिन्यांत जिल्ह्यातील मजूर संघटना मोडून पडल्या. पंतप्रधान जोलित्तीने त्याच वर्षीच्या मे महिन्यातील निवडणुकीत फॅसिस्टांना आपल्या आघाडीत घेतले. त्यांना माणसाळवता येईल असा त्याचा हिशेब होता. प्रत्यक्षात ३५ फॅसिस्ट संसदेत पोहोचले आणि टोळ्यांची मारहाण चालूच राहिली.

या शहरातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग मे १९२२ चा आहे. ज्या मजुरांच्या संघटना जाळल्या होत्या, त्यांच्यातलेच हजारो बेकार लोक बाल्बोने फेरारात आणून बसवले आणि सरकारकडे सार्वजनिक कामांची मागणी केली. सरकारने ती मान्य केली. कामासाठी कोणाच्या दारात उभे राहायचे, हे त्या दिवसापासून जिल्ह्यातल्या मजुराला कोणी सांगण्याची गरज उरली नाही. ऑक्टोबरात मुसोलिनीला सत्तेवर आणणाऱ्या रोमवरील मोर्चाच्या चार सूत्रधारांत बाल्बो होता.